थंड पायांचा पास्कल

पास्कल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना तीनच गोष्टी आठवतात. एक, फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हमखास येणारा तो नियम. दोन, दाबाचं एकक, जे उत्तरापुढे लिहायला आपण नेमके विसरतो आणि अर्धा मार्क घालवतो. आणि तीन, जुन्या सरांच्या तोंडून ऐकलेली पास्कल नावाची कॉम्प्युटरची भाषा. माझीही गाडी याच्या पुढे कधी गेली नव्हती. गेली ती कॅनडाहून आलेल्या एका फोनमुळे.

आधी एक कबुली. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर माझी रूममेट पोट धरून हसली होती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. असो.

तर तो फोन. माझा मावसभाऊ कॅलगरीला असतो. तिथे हिवाळ्यात पारा उणे पंचवीसपर्यंत सहज उतरतो. त्याच्या घरात हीटर दिसत नाहीत, कारण गरम पाण्याच्या प्लास्टिकच्या नळ्या जमिनीच्या कोब्यातच गाडलेल्या आहेत. तळघरातला बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून फिरवतो आणि फरशी कोमट राहते. पाणी बाहेर कुठेही जात नाही, तेच तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं. या बंद चक्रावर तळघरात एक प्रेशर गेज बसवलेला आहे. तो थंड असताना १२ ते १५ पीएसआय दाखवायला हवा. दादाचा गेज सकाळी ५ दाखवायचा. दादा नळ उघडून पाणी भरायचा आणि काटा १२ वर आणायचा. मग बॉयलर पेटला की तोच काटा चढत चढत २८-२९ पर्यंत जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत ५. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची फरशी तर गारच. तिथल्या एका मेकॅनिकने येऊन पाहिलं आणि निदान केलं की नळी जमिनीखाली फुटली आहे, कोबा फोडावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून दादाने मावशीला फोन केला आणि मावशीने, आपली पोरगी मेकॅनिकलला आहे ना, म्हणून तो माझ्याकडे वळवला!

मला काय कळणार, कपाळ? मी आमच्या फ्लुइडच्या सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर द्यायच्या ऐवजी सांगितलं की लायब्ररीत जाऊन पास्कलने डोंगरावरचा प्रयोग कसा करवून घेतला ते नीट वाच, मग ये. मला वाटलं सर टाळतायत. पण वाचायला बसले आणि त्या माणसात इतकी गुंतले की दादाचा गेज दोन दिवस बाजूलाच राहिला.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ चा, मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावचा. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. मागे वडील एतिएन, थोरली बहीण जिल्बर्त आणि धाकटी जाक्लीन. वडील करविषयक न्यायालयातले मोठे अधिकारी आणि स्वतः चांगले गणिती. १६३१ मध्ये ते मुलांना घेऊन पॅरिसला आले. ब्लेझला त्यांनी शाळेत घातलंच नाही, घरीच शिकवलं. शिकवण्याची त्यांची तऱ्हाही वेगळी. आधी भाषा पक्क्या होऊ देत, गणित नंतर, असं म्हणून त्यांनी घरातली गणिताची पुस्तकं चक्क उचलून ठेवली. आपल्याकडे पोरगं पाळण्यात असल्यापासून आईबाप पाढे म्हणून घेतात, आणि इथे हे! पण बंदी घातली की मुलं काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे. जिल्बर्तने पुढे लिहून ठेवलं आहे की बारा वर्षांचा ब्लेझ कोळशाने जमिनीवर आकृत्या काढत बसायचा. रेषेला काय म्हणतात, वर्तुळाला काय म्हणतात हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं, त्याने आपली स्वतःचीच नावं ठेवली होती. एक दिवस वडील मागून येऊन पाहतात तर पोरगं त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते इथवर आपल्या आपण येऊन पोचलेलं. त्यानंतर पुस्तकं बाहेर निघाली. सोळाव्या वर्षी शांकवांवर त्याचा निबंध छापला गेला. आपण सोळाव्या वर्षी दहावी-अकरावीच्या क्लासला जात होतो.

यानंतर एक फिल्मी प्रसंग आहे. १६३८ मध्ये सरकारी कर्जरोख्यांचं व्याज थकलं म्हणून गुंतवणूकदारांनी आवाज उठवला. त्यात एतिएनही होते. मुख्यमंत्री कार्डिनल रिशेल्यू चिडले आणि एतिएनना पॅरिस सोडून लपावं लागलं. पुढच्या वर्षी तेरा वर्षांच्या जाक्लीनने रिशेल्यूंसमोर मुलांच्या नाटकात काम केलं, ते इतकं झकास केलं की कार्डिनल खूश झाले आणि पोरीने तिथल्या तिथे वडिलांसाठी माफी मागून घेतली. माफी तर मिळालीच, वर रुआँ शहरात करवसुलीची मोठी नेमणूकही मिळाली.

ही नेमणूक म्हणजे बक्षीस की शिक्षा असा प्रश्न पडावा. एतिएन रात्र रात्र हिशेब करत बसायचे. त्या काळचं फ्रेंच नाणं म्हणजे एका लिव्हरचे २० सोल आणि एका सोलचे १२ दनिये. आपल्या आजोबांचे रुपये-आणे-पै आठवा, तसलाच प्रकार. वडिलांचे हाल बघून एकोणीस वर्षांच्या ब्लेझने १६४२ मध्ये बेरजेचं यंत्र करायला घेतलं. यात खरी गंमत हातच्याची आहे. चाकं फिरवून आकडे दाखवणं सोपं, पण ९९९९९९ मध्ये एक मिळवला की सगळी चाकं एकदम सरकायला हवीत आणि बोटाने एवढी चाकं ढकलायची तर जोर पुरत नाही. पास्कलने असं केलं की चाक शून्याकडून नऊकडे जाताना एक छोटं वजन हळूहळू उचलत नेतं आणि नऊवरून शून्यावर येताना ते वजन खाली पडून शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलतं. म्हणजे हातचा द्यायला लागणारी ऊर्जा आधीच थोडी थोडी साठवून ठेवायची. मशीन डिझाइनच्या तासाला हे उदाहरण का देत नाहीत कोण जाणे! त्याने पन्नासच्या आसपास नमुने केले. मधे रुआँच्याच एका घड्याळजीने वरवर पाहून त्याची नक्कल केली. वरून चकाचक, आतून बिनकामी. ती पाहून पास्कल इतका वैतागला की काही काळ त्याने कामच बंद ठेवलं. आपल्या जर्नलची कॉपी मारून वर्गमित्राने आपल्याआधी सबमिशन केलं की कसं होतं, ते जाणणाऱ्यांना हे समजेल. १६४९ मध्ये त्याला यंत्राचा राजाकडून हक्क मिळाला, पण किंमत फार असल्याने खप जेमतेमच.

आता दाबाकडे. जानेवारी १६४६ मध्ये एतिएन बर्फावर घसरून पडले आणि खुब्याला जबर मार बसला. दोन हाडवैद्य भाऊ तीन महिने घरी राहून उपचार करत होते. ते दोघे एका कडक ख्रिस्ती पंथाचे होते, जान्सेनचे अनुयायी. त्यांच्यामुळे अख्खं घर त्या पंथाकडे ओढलं गेलं. याचा परिणाम पुढे दिसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात पियेर पती नावाचे वडिलांचे एक इंजिनियर मित्र रुआँला आले आणि त्यांनी इटलीतल्या एका प्रयोगाची बातमी आणली.

बातमी अशी होती. विहिरीचा पंप कितीही भारी असला तरी पाणी साधारण दहा मीटरच्या वर ओढू शकत नाही, हे इटलीतल्या कारागिरांना माहीत होतं. का, ते कुणाला नक्की सांगता येत नव्हतं. गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने १६४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून, तोंड दाबून, पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली. पारा खाली आला, पण सगळा नाही. सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि वर रिकामी जागा राहिली. त्या रिकाम्या जागेत काय आहे, आणि पारा कशाने तोलला गेला आहे? शिष्टसंमत उत्तर असं होतं की निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, म्हणून तो पारा वर धरून ठेवतो. टॉरिचेलीचं म्हणणं, बाहेरच्या हवेचं वजन भांड्यातल्या पाऱ्यावर दाब देतं, बस्स.

रुआँला काचेचे कारखाने चांगले होते. पास्कलने ४६ फूट लांब काचेच्या नळ्या करवून घेतल्या, जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या आणि लोकांसमोर एकीत पाणी, एकीत तांबडी वाइन भरून उलट्या केल्या. यातही एक डाव होता. विरोधक म्हणत होते की वरची जागा पोकळ नाही, द्रवातून निघालेल्या वाफेने ती भरलेली आहे आणि ती वाफच द्रवाला खाली रेटते. वाइनला वाफ जास्त, तेव्हा वाइन पाण्यापेक्षा खाली थांबली पाहिजे. पास्कलने त्यांच्याकडून हे आधी कबूल करून घेतलं आणि मग प्रयोग केला. वाइन पाण्यापेक्षा थोडी वर थांबली, कारण ती हलकी असते. हिशेब वजनाचा होता, वाफेचा नव्हता. मला हा माणूस इथे आवडायला लागला.

पण १६४७ मध्ये तो आजारीच पडला. तब्येत तशी अठराव्या वर्षापासून साथ देत नव्हती. आता कमरेखाली अंग जवळपास लुळं, कुबड्यांशिवाय चालता येईना. पाणीसुद्धा गरम करून थेंब थेंब प्यावं लागे. भाची मार्गरीत हिने पुढे लिहिलं आहे की त्याचे हात-पाय संगमरवरासारखे थंडगार पडायचे आणि पायांत ऊब यावी म्हणून रोज त्याला ब्रँडीत भिजवलेले मोजे चढवावे लागायचे. हे वाचलं आणि मला एकदम दादाची कोमट फरशी आठवली. ज्याच्या नियमावर ते पाणी फिरतं, त्या माणसाचे पाय कायम गार!

उपचारासाठी तो जाक्लीनबरोबर पॅरिसला आला. सप्टेंबरात तिथे साक्षात देकार्त त्याला भेटायला आला. पोकळीवर दोघांचं पटलं नाही. देकार्तने त्याला भरपूर झोपायचा आणि सूप प्यायचा सल्ला मात्र दिला. पुढे देकार्त म्हणत राहिला की डोंगरावरच्या प्रयोगाची कल्पना माझीच. श्रेयाचं भांडण तेव्हाही होतं. मला विचाराल तर कल्पना कुणाचीही असो, प्रयोग कसा करायचा हे ज्याने ठरवलं त्याचं नाव लागावं.

प्रयोगाचा विचार साधा आहे. हवेच्या वजनाने पारा तोलला जात असेल, तर डोंगरावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून पारा खाली यायला हवा. निसर्गाचा तिटकारा डोंगरावर काही कमी होणार नाही. पॅरिसला डोंगर नाही. पास्कलच्या माहेरगावाशेजारी, क्लेरमाँजवळ, प्युई द दोम नावाचा झोपलेला ज्वालामुखी आहे, उंची १४६५ मीटर. स्वतः पास्कल तर जिनाही धड चढू शकत नव्हता. म्हणून १५ नोव्हेंबर १६४७ ला त्याने जिल्बर्तच्या नवऱ्याला, फ्लोराँ पेरिएला, पत्र लिहिलं. भाओजींना कोर्टाची कामं, मधेच बदल्या, मग बर्फ, मग धुकं. दहा महिने गेले. पॅरिसमध्ये हा अंथरुणावर पडून वाट बघतोय.

शेवटी १९ सप्टेंबर १६४८, शनिवार. सकाळी आठ वाजता पेरिए, गावातले दोन पाद्री, कोर्टातले दोन सहकारी आणि एक डॉक्टर असे सगळे मठाच्या बागेत जमले. ही बाग म्हणजे गावातली सगळ्यात खोलगट जागा. पेरिएने सोळा पौंड पारा तीन दिवस खपून स्वच्छ केला होता. सारख्या मापाच्या दोन नळ्या घेऊन त्याने दोन्ही तिथे उलट्या केल्या. दोन्हीत पारा सारखाच, २६ फ्रेंच इंच साडेतीन रेषा. बारा रेषांचा एक इंच.

आणि आता जे त्याने केलं त्यासाठी सरांनी मला हे वाचायला पाठवलं होतं. एक नळी त्याने बागेतच उभी ठेवली आणि फादर शास्ताँ यांना तिच्यापाशी बसवलं. दिवसभर फक्त पाहत राहायचं, पारा हलतो का. दुसरी नळी घेऊन बाकीचे डोंगर चढले. बागेपासून जवळजवळ हजार मीटर उंच. माथ्यावर पारा भरला २३ इंच २ रेषा. तीन इंच दीड रेषेचा फरक, म्हणजे आजच्या मापात साधारण ८५ मिलिमीटर. सगळे थक्क झाले. पेरिएने प्रयोग पाच वेळा केला, तिथल्या छोट्या देवळाच्या आत, बाहेर, वाऱ्यात, आडोशाला, धुकं आल्यावर. आकडा तोच. उतरताना अर्ध्या वाटेवर मोजला, तर मधलाच आकडा, २५ इंच. खाली बागेत आले. फादर शास्ताँनी सांगितलं, दिवसभरात ऊन आलं, धुकं आलं, वारा सुटला, पाऊस पडला, पण नळीतला पारा तसूभरही हलला नाही. वर नेलेली नळी तिथे परत उलटी केली, २६ इंच साडेतीन रेषा.

आमच्या शाळेतही एक फादर होते, परीक्षेला नुसते खुर्चीत बसून राहायचे, पण ते बसलेत म्हणून निकालावर विश्वास ठेवता यायचा. शास्ताँचं काम तेच. डोंगर चढणाऱ्यांची नावं होतात, पण ते खाली बसले नसते तर कुणीही म्हणालं असतं की अहो, त्या दिवशी हवाच बदलली असेल! तसं म्हणायला जागाही होती, कारण पारा हवामानाने खरोखरच वर-खाली होतो, हे पुढे पेरिएनेच सुमारे दोन वर्षं रोज नोंदी ठेवून दाखवलं. पॅरिसला बातमी पोचताच पास्कलने सँ-जाक चर्चच्या उंच मनोऱ्याखाली आणि वर तोच प्रयोग केला. पन्नासेक मीटरमध्ये दोन रेषांहून थोडा जास्त फरक पडला.

मी धावत सरांकडे गेले. सर हसले आणि आम्ही दोघांनी मिळून दादासाठी प्रयोग बसवला. दादाच्या चक्रात एकाच वेळी तीन गोष्टी बदलत होत्या. बॉयलरमुळे तापमान बदलत होतं. दादा रोज पाणी भरत होता. आणि पाणी कुठूनतरी जातही होतं. तिन्हीचा परिणाम एकाच काट्यावर. मग काट्याला काय विचारणार?

म्हणून पहिली गोष्ट, बॉयलर बंद. पाणी थंड होताना आकसतं आणि दाब आपोआप पडतो, तेव्हा कोबा पूर्ण गार होईपर्यंत कुठलाच आकडा धरायचा नाही. कॅलगरीला हिवाळ्यात मधेच चिनूक नावाचा गरम वारा सुटतो, तसा दिवस दादाने गाठला आणि घरात दोन इलेक्ट्रिक हीटर लावले. जमिनीतल्या सगळ्या नळ्या तळघरात एका मॅनिफोल्डला येऊन मिळतात. त्याचे दोन्ही मुख्य व्हॉल्व्ह बंद केले की जमिनीतलं पाणी बॉयलरपासून तुटतं. मॅनिफोल्डवर एक छोटा गेज होताच. हा झाला आमचा फादर शास्ताँ. काटा १५ वर आणून व्हॉल्व्ह बंद केले, पाणी भरायचा नळही बंद, आणि दादाला सांगितलं की चोवीस तास कशालाही हात लावायचा नाही, फक्त दर तीन तासांनी बघायचं. दादाने फोटो पाठवले. १५, १५, १५. जमिनीतली नळी फुटलेली नव्हती. कोबा वाचला!

मग पाणी जात होतं कुठे? व्हॉल्व्ह परत उघडून बॉयलर पेटवला आणि यावेळी सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीखाली बादली ठेवली. ती नळी एरवी थेट गटारात सोडलेली, त्यामुळे काही सांडतंय हे कुणाला दिसतच नव्हतं. हा व्हॉल्व्ह ३० पीएसआयला उघडतो. काटा तिशीला टेकला आणि बादलीत पाणी पडायला लागलं.

याचं कारण समजायला पास्कलचंच दुसरं काम लागतं. द्रवांच्या समतोलावर त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला, साधारण १६५४ च्या सुमारास. त्यात तो म्हणतो की पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडं असतील आणि एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं असेल, तर लहान तोंडावर एका माणसाने दिलेला रेटा मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांना तोलून धरतो. म्हणजे बंद पाण्यात कुठेही दाब वाढला की तो सगळीकडे तेवढाच वाढतो. आता पाणी तापलं की फुगतं, २० वरून ८० अंशांवर नेलं तर जवळपास पावणेतीन टक्के. पाणी दाबलं जवळजवळ जात नाही. या फुगलेल्या पाण्याला जायला जागा नसेल तर दाब झपाट्याने चढतो आणि नळी, जोड, बॉयलर सगळीकडे एकदम चढतो. म्हणून अशा चक्रावर एक एक्स्पान्शन टँक लावतात. आत रबरी पडदा, एका बाजूला चक्रातलं पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. पाणी फुगलं की हवा दबते आणि दाब थोडाच वाढतो.

दादाने टँकच्या हवेच्या व्हॉल्व्हवर गाडीच्या टायरचा गेज लावला, तसाच व्हॉल्व्ह असतो तो. पिन दाबली तर हवेऐवजी पाणी आलं. पडदा फाटला होता! मग सगळं जुळलं. गरम झालं की पाण्याला जागा नाही, काटा तिशीला, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर. रात्री बॉयलर थांबला की तेवढं पाणी कमी, म्हणून सकाळी ५. दादा परत भरणार, परत तेच. चढणं आणि पडणं हे दोन बिघाड वाटत होते, होता एकच. वरच्या बाथरूमचंही उत्तर यातच होतं. गेजपासून ती फरशी साधारण पाच मीटर उंच. तेवढ्या पाण्याच्या स्तंभालाच सात पीएसआय लागतात. खाली ५ असेल तर वर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी, त्यामुळे तिथे हवा शिरायची आणि पाणी अडायचं. डोंगरावरचा पारा जसा उतरला, तसाच दादाच्या वरच्या मजल्यावर दाब उतरलेला.

आता पास्कलचं पुढचं आयुष्य. खरं सांगते, हा भाग वाचताना मला जरा वाईट वाटलं. १६५१ मध्ये वडील गेले. जाक्लीनला पोर-रोयालच्या मठात नन व्हायचं होतं. याने विरोध केला, तिच्या वाट्याच्या पैशावरूनही कुरबूर केली. मग शेवटी मान्य केलं, पण मला ते त्याचं वागणं नाही आवडलं. १६५४ च्या उन्हाळ्यात फर्माशी पत्रांतून जुगाराच्या डावांचं गणित सोडवलं आणि संभाव्यताशास्त्राची सुरुवात झाली. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री, साडेदहा ते साडेबारा, त्याला काहीतरी मोठा धार्मिक अनुभव आला. काय, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. एका कागदावर लिहिलं आणि तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. कोट बदलला की उसवायचा आणि नव्यात शिवायचा. तो गेल्यावर नोकराला सापडला.

त्यानंतर विज्ञान बरंचसं मागे पडलं. १६५६-५७ मध्ये टोपणनावाने अठरा पत्रं छापून जेझुइट पंथाची यथेच्छ खिल्ली उडवली, ती सरकारने पुढे जाळली. १६५८ मध्ये दातदुखीने झोप येईना म्हणून सायक्लॉइड वक्राचं गणित करत बसला. आपल्याला तो वक्र ड्रॉइंगच्या शीटवर काढताना झोप येते! धर्मावर मोठा ग्रंथ लिहायला घेतला, तो पुरा झालाच नाही, त्याची टिपणं पुढे १६७० मध्ये छापली गेली आणि तीच त्याची सगळ्यात वाचली जाणारी गोष्ट.

शेवटच्या वर्षातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १८ मार्च १६६२ ला पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. भाडं पाच सोल. कोणी चढो न चढो, गाडी सुटणारच. म्हणजे आपली सिटी बसच की. कल्पना पास्कलची. यातून येणाऱ्या पैशातली उचल त्याला ब्लुआ भागातल्या भुकेल्या लोकांना पाठवायची होती. त्याच उन्हाळ्यात त्याने घरात आसरा दिलेल्या एका गरीब कुटुंबातल्या मुलाला देवी आल्या. त्या लोकांना बाहेर काढण्याऐवजी तो स्वतःच घर सोडून जिल्बर्तकडे राहायला गेला. जाक्लीन आदल्याच वर्षी वारली होती. १९ ऑगस्ट १६६२ ला पहाटे पास्कल गेला, वय एकोणचाळीस वर्षं दोन महिने. द्रवांवरचा ग्रंथ पुढच्या वर्षी पेरिएने छापून आणला, त्याच डोंगर चढलेल्या भाओजींनी.

सँ-जाकचं चर्च आता नाही, मनोरा तेवढा उरला आहे आणि त्याच्या पायाशी पास्कलचा पुतळा आहे. दाबाच्या एककाला त्याचं नाव १९७१ मध्ये दिलं गेलं.

दादाने नवा टँक बसवला, आधी रिकामा असतानाच त्यात १२ पीएसआय हवा भरून घेतली. आता गेज थंड असताना १४ आणि गरम असताना १७ च्या आसपास राहतो. पहिले काही दिवस थोडा उतरत होता, पण ती पाण्यातली उरलीसुरली हवा बाहेर पडत होती, सरांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. वरची बाथरूमही कोमट झाली. परवा त्याने फोटो पाठवला, फरशीवर त्याचे अनवाणी पाय आणि दुसरा गेजचा. गेजच्या आतल्या वर्तुळात लहान अक्षरांत किलोपास्कलचे आकडे आहेत, काटा शंभराच्या अगदी जवळ. हे दुसरे आकडे कसले, असं त्याने विचारलंय. अंक छापून आला की त्याला हा लेखच पाठवणार आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी